तळ्याकाठचा मोफत टँक: पाणी, गर्दी आणि जमिनीखालचं पाणी

काठावरचा

मोठ्या तळ्याला लागून पोहण्याचा सार्वजनिक टँक असेल आणि प्रवेश विनामूल्य असेल, तर तो नीट कसा चालवायचा यावर एकत्र माहिती कुठे सापडत नाही. म्हणून हा धागा. आधी शब्दांचा घोळ मिटवू. तळ्यालाही तलाव आणि बांधलेल्यालाही तलाव म्हटलं की दहाव्या प्रतिसादात कोण कशाबद्दल बोलतंय ते कळत नाही. इथे तळं म्हणजे तळं आणि टँक म्हणजे टँक.

पहिला प्रश्न नेहमीचाच: एवढं तळं असताना टँक कशाला? तळ्यात तळ दिसत नाही, हे उत्तर पुरेसं आहे. पायाखालचा उतार कुठे संपतो ते कळत नाही, वरचं पाणी कोमट आणि दोन मीटरवर थंडगार असतं, उन्हाळ्यात निळंहिरवं शेवाळ फुललं की ते विषारीही असू शकतं. टँकमध्ये तळाशी गेलेलं मूल काठावरून दिसतं. म्हणजे ज्या दिवशी टँकचं पाणी गढूळ, त्या दिवशी टँक आणि तळं यांत फरक उरला नाही. सर्वात खोल भागातल्या मेन ड्रेनच्या (तळातून पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या) जाळीच्या फटी काठावर उभं राहून मोजता आल्या पाहिजेत. नाही आल्या तर टँक बंद. क्लोरीन कितीही बरोबर असो.

हिशोबासाठी एकच माप धरू या: २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद, सरासरी खोली १.४ मीटर. म्हणजे ४२० घनमीटर, ४ लाख २० हजार लिटर.

घनमीटर

चांगला विषय. आकडे मी मांडतो.

सगळं पाणी ६ तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे, म्हणजे ताशी ७० घनमीटर. वाळूच्या फिल्टरमधून साधारण ताशी ३० मीटर वेगाने पाणी सोडलं तर गाळणी चांगली होते. त्यासाठी २.३ चौरस मीटर वाळू हवी. १.२ मीटर व्यासाचे दोन फिल्टर घेतले की काम भागतं. एकाच लहान फिल्टरवर मोठा पंप लावून 'फ्लो मिळतोय की' म्हणणारे बरेच दिसतात. फ्लो मिळतो, पण वाळूतून मळही पार होतो.

लहान मुलांचा उथळ टँक शेजारी असेल तर त्याला हा ६ तासांचा नियम लावू नका. तिथे पाणी कमी, मुलं जास्त आणि बाकीचं तुम्ही जाणताच. त्याचं पाणी तासाभरात फिरलं पाहिजे, आणि पंप-फिल्टर वेगळे असले तर उत्तम. एकाच पाइपात जोडलं की उथळ टँकमधला प्रसंग मोठ्या टँकचाही प्रसंग होतो.

नवशिका

मोफत असल्याने तांत्रिक फरक काय पडतो? पाण्याला थोडंच माहीत असतं तिकीट घेतलंय की नाही.

घनमीटर

पाण्याला नसतं, पण तिकिटाच्या खिडकीला आत किती जण आहेत ते माहीत असतं. खिडकी गेली की मोजदाद गेली. मोफत टँकची पहिली अडचण घाणीची नसतेच, आत नक्की किती माणसं आहेत हे कुणालाच माहीत नसतं ही असते.

एका वेळी माणशी ३ चौरस मीटर पाण्याचा पृष्ठभाग धरतात. आपल्या ३०० चौरस मीटरला १०० जण. मग दाराशी एक फळी, तिच्यावर १ ते १०० आकड्यांच्या खिळ्यांवर १०० बिल्ले. आत जाणाऱ्याच्या मनगटाला बिल्ला. फळी रिकामी झाली की दार बंद, वाद नाही. प्रत्येक सत्राच्या बिल्ल्यांचा रंग वेगळा, म्हणजे पहिल्या सत्रातला माणूस दुसऱ्यात रेंगाळला की लांबूनच ओळखू येतो.

या फळीचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा. सत्र संपलं, सगळे बाहेर आले आणि ६३ नंबरचा खिळा रिकामा आहे. 'नेला असेल घरी' असं म्हणायचं नाही. आधी टँकचा तळ बघायचा, मग कपडे बदलायच्या खोल्या, मग घरी नेल्याचा संशय. क्रम बदलायचा नाही.

शेवाळशत्रू

बिल्ल्यांना अनुमोदन. आता रसायनं.

रोज सांभाळायचे आकडे: मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग म्हणजे १ पीपीएम), पीएच ७.२ ते ७.८ (माझा आग्रह ७.२ ते ७.५ चा), अल्कलिनिटी ८० ते १२०, कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४००. पीएचकडे दुर्लक्ष करणाऱ्यांसाठी: ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ ला तो पाव भागाच्याही खाली येतो. क्लोरीन २ दिसतंय म्हणून निर्धास्त राहाल आणि काम अर्ध्या पीपीएमएवढंही होत नसेल.

४२० घनमीटरला १ पीपीएम वाढवायला ४२० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. म्हणजे १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) ४.२ लिटर, किंवा ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे ६५० ग्रॅम. हायपो उन्हात ठेवलं तर कॅनवर १० टक्के लिहिलेलं असतं आणि आत ६ उरलेले असतात. सावलीत ठेवा, आधी आलेला कॅन आधी संपवा.

'डोळे चुरचुरतात, क्लोरीन जास्त झालंय' ही तक्रार बहुतेक वेळा उलटी असते. घाम आणि लघवीशी जोडलेलं क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन, डोळ्यांना झोंबतं आणि त्याचाच वास येतो. एकूण क्लोरीनमधून मोकळं वजा केलं की बांधलेलं कळतं. ते ०.४ च्या वर गेलं की सत्र संपल्यावर बांधलेल्याच्या दहापट क्लोरीन एकदम टाकायचं. ०.६ असेल तर ६ पीपीएम, म्हणजे आपल्या टँकला २५ लिटर हायपो. अर्धवट टाकलं तर फायदा नाही, वास उलट वाढतो.

ओतकाम

रसायनांआधी जमिनीखाली बघा. तळ्याकाठी सगळ्यात महागडी चूक तिथे होते आणि ती एका रात्रीत होते.

तळ्याची पातळी वर असते तेव्हा काठच्या जमिनीतलं पाणीही वर असतं. टँक भरलेला असेपर्यंत आतलं पाणी बाहेरच्या दाबाला पुरून उरतं. 'साफसफाईसाठी' टँक रिकामा केला की मोठी पेटी पाण्यात बुडवून धरल्यासारखी स्थिती होते. हिशोब करा: भूजल तळाच्या स्लॅबखालून १ मीटर वर असेल तर दर चौरस मीटरला १ टन वर ढकलतंय, ३०० चौरस मीटरला ३०० टन. २० सेंटीमीटरच्या स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला अर्धा टन, म्हणजे १५० टन. भिंतींचे पन्नासेक टन धरले तरी १०० टन कमी पडतात. तळ मधोमध फुगतो, फरशी फुटते, नाहीतर अख्खा टँक एका कोपऱ्यातून उचलला जातो आणि पाइप तुटतात. उचललेला टँक परत जागेवर बसत नाही, खाली माती सरकलेली असते.

उपाय दोन. एक, बांधतानाच मेन ड्रेनच्या खड्ड्यात हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह. बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि भूजल आत येऊ देतो. पण त्याच्या सीटवर वाळूचा एक कण अडकला की तो पुरता मिटत नाही आणि टँक गळायला लागतो. बाहेरून खडी आणि जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं कापड) नीट नसेल तर तो चिखलाने बुजतो आणि ऐन वेळी उघडत नाही. म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबायचं नाही.

दोन, निरीक्षण नळी. टँकपासून मीटर-दोन मीटरवर, तळ्याच्या बाजूला, १०० मिलिमीटरचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप टँकच्या तळाच्याही अर्धा मीटर खाली जाईल इतका उभा पुरायचा. भोवती खडी, वर झाकण. आत वजन बांधलेली टेप सोडली की पाणी किती खोल आहे ते कळतं. आठवड्यातून एकदा वहीत लिहा. टँकमधलं पाणी नळीतल्या पाण्याच्या पातळीखाली कधीही न्यायचं नाही. एवढा एक नियम पाळला तरी टँक वाचतो. रिकामा करायचाच असेल तर तळं वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर असताना, आणि तेव्हाही नळी बघूनच.

नवशिका

बापरे. म्हणजे दरवर्षी रिकामा करून धुणं हेच चुकीचं?

ओतकाम

तळ्याकाठी, हो. तळाला ब्रश आणि व्हॅक्यूम पाण्यातूनच मारायचा. फरशीचे सांधे पाण्याखाली बसणाऱ्या इपॉक्सीने पाणबुड्याकडून भरून घेता येतात.

शेवाळशत्रू

ओतकाम यांनी जे सांगितलं त्याचा रसायनांवर थेट परिणाम होतो. टँक रिकामा करता येत नाही, तेव्हा पाण्यात जे साचतं ते साचतच जातं. म्हणून टीसीसीएच्या (सायन्युरिक आम्लाला बांधलेल्या क्लोरीनच्या) गोळ्या जपून. त्यांतून मिळणाऱ्या दर १ पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ०.६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात राहतं. रोज ३ पीपीएम लागत असेल तर महिन्यात ५० च्या वर. ते फिल्टरमध्ये अडकत नाही, उडून जात नाही, पाणी बदललं तरच कमी होतं. थोडं, ३० च्या आसपास, उघड्या टँकला उपयोगी आहे, कारण त्याशिवाय भर उन्हात दोन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. पण १०० झालं की क्लोरीन चाचणीत दिसतं आणि काम करत नाही. सुरुवातीला एकदा सायन्युरिक मोजून टाका आणि पुढे रोजचं काम हायपोवर चालवा.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकाच डब्यात, एकाच डोसरमध्ये, एकाच मापाने सुद्धा नको. आग लागते, स्फोट होतो. हायपो आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू. पाण्यात रसायन टाकायचं, रसायनावर पाणी नाही.

घनमीटर

रोज थोडं पाणी बदलणं हाच मार्ग. माणशी ३० लिटर ताजं पाणी धरा. मोफत टँकला दिवसाकाठी ४०० जण सहज होतात, म्हणजे रोज १२ घनमीटर. एवढं पाणी मुद्दाम ओतून द्यायला जीव होत नाही, पण यातलं बरंचसं बॅकवॉशमध्येच (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुण्यात) जातं. एका फिल्टरला ४ मिनिटांच्या बॅकवॉशला साधारण साडेतीन घनमीटर, दोन्हींना सात. बॅकवॉश म्हणजे वाया गेलेलं पाणी असं समजून तो टाळणारे टँकचंच पाणी शिळं करतात.

बॅकवॉश कधी? स्वच्छ वाळूवर गेज जे दाखवतो त्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वाढलं की. साइट ग्लासमधलं पाणी आधी तपकिरी, मग मधेच साफ दिसतं, आणि पुन्हा एकदा काळपट झोत येतो. त्या पहिल्या साफ पाण्याला फसून थांबू नका, दुसरा झोत जाऊ द्या. मग अर्धा मिनिट रिन्स, नाहीतर सैल झालेला मळ परत टँकमध्ये. फिल्टरच्या व्हॉल्व्हची दांडी पंप बंद करूनच फिरवायची. चालू पंपावर फिरवली की आतलं गॅस्केट जातं आणि पाणी न गाळताच टँकमध्ये परत येऊ लागतं. मग वाळू बदला, पंप बदला, गढूळपणा जात नाही.

उथळपाणी

भर घालायला लागणारं पाणी शेजारच्या तळ्यातूनच का घेऊ नये? पंप टाकला की झालं.

शेवाळशत्रू

घेता येतं, पण थेट नाही. तळ्याच्या पाण्यात सेंद्रिय मळ, शेवाळाचे बीजाणू आणि फॉस्फेट असतं. क्लोरीन आधी या मळावर खर्च होतं आणि फॉस्फेट शेवाळाला खत. वेगळी टाकी हवी: त्यात तुरटी, घनमीटरला १० ते २० ग्रॅम विरघळवून, हलवून रात्रभर स्थिर. आधी बादलीत करून बघा, कमीजास्त लागते. सकाळी खालचा गाळ सोडून द्या, वरचं पाणी गाळून आणि क्लोरीन देऊन मगच टँकमध्ये. तुरटी पीएच खाली आणते, तो आधी आणि नंतर मोजा.

काठावरच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी दिसायला नितळ असतं, पण त्यात लोह आणि मँगनीज विरघळलेलं असू शकतं. क्लोरीन टाकलं की दहा मिनिटांत सगळा टँक तांबूस, मँगनीज असेल तर काळपट. आधी पांढऱ्या बादलीत चमचाभर हायपो टाकून बघा. रंग बदलला तर ते पाणी हवा देऊन, गाळून मगच वापरा.

काठावरचा

तळ्यातून थेट टँकमध्ये उडी मारणाऱ्यांचं काय करायचं? पाय चिखलाचे, अंगावर शेवाळ.

उथळपाणी

पाय धुवायची उथळ कुंडी दाराशी ठेवतात की.

घनमीटर

कुंडी नको. पन्नास पायांनंतर त्या कुंडीतलं पाणी तळ्यापेक्षा घाण असतं. वाहत्या पाण्याचे शॉवर, आणि वाट अशी आखा की शॉवरखालून गेल्याशिवाय टँक दिसणारच नाही. एक मिनिट अंग चोळून घेतलं की बहुतेक घाम आणि मळ जातो, आणि मग क्लोरामाइनची वर लिहिलेली भानगड निम्मी होते. तळ्याच्या बाजूचं दार वेगळं असेल तर तिथेही तेच.

पाणकोंबडी

आयडीला जागून पक्ष्यांबद्दल लिहिते. तळ्यावरची बदकं पहाटे टँकवर उतरतात, कारण वर्दळ नसते. विष्ठा दिसली की जाळीने काढा, जाळी त्याच टँकमध्ये खळबळून धुऊ नका, वेगळ्या क्लोरीनच्या पाण्यात बुडवा. पीएच ७.५ किंवा त्याखाली, क्लोरीन २ पीपीएम, २५ मिनिटं टँक बंद. माणसाची घट्ट विष्ठा असेल तर हेच. रात्री पृष्ठभागावर दोन-तीन मीटर अंतराने दोऱ्या ताणल्या तर बदकांना उतरायला धाव मिळत नाही. सकाळी त्या काढल्याची दोघांनी खात्री करा.

जुलाब झाले तर प्रकरण वेगळं. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. २० पीपीएम, पीएच ७.५ च्या खाली, पावणेतेरा तास. पाण्यात सायन्युरिक असेल तर ते १५ पीपीएमच्या आत असलं पाहिजे आणि वेळ २८ तास. आपल्या टँकला २० पीपीएम म्हणजे ८४ लिटर हायपो. सायन्युरिक ५० वर नेऊन बसलेल्यांना आधी पाणी बदलावं लागेल, आणि ओतकाम म्हणतात तसं तेही एका दमात नाही. म्हणून गोळ्या जपून, हे पुन्हा.

तळ्याकाठी आणखी एक: चिलटं. गवतातून उठलेले थवे रात्री पांढऱ्या दिव्यांवर येतात आणि सकाळी पाण्यावर तपकिरी साय. पिवळसर दिवे, तेही पाण्यावर नाही तर कुंपणापाशी. वारा तळ्यावरून येतो तेव्हा सगळा कचरा समोरच्या भिंतीला लागतो. स्किमर (पृष्ठभागावरचं पाणी ओढणारी तोंडं) त्या बाजूला नसतील तर कितीही पंप चालवा, साय तिथेच.

नवशिका

चाचणीत क्लोरीन शून्य आलं, रंगच नाही. मी २० लिटर हायपो टाकायला सांगणार होतो. बरोबर ना?

शेवाळशत्रू

थांबा! डीपीडीच्या गोळीचा (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणाऱ्या चाचणीचा) रंग फार जास्त क्लोरीनमध्ये, साधारण १० पीपीएमच्या पुढे, येताच उडून जातो. शून्य आणि पंधरा दोन्ही बिनरंगाचे दिसतात. गोळी टाकताना क्षणभर गुलाबी झाक येऊन गेली का ते आठवा. नमुन्याचा एक भाग आणि डिस्टिल्ड पाण्याचे चार भाग मिसळून परत तपासा, आकडा पाचपट करा. तसंच पीएच तपासायचं फिनॉल रेड जांभळट आलं तर पीएच वाढलाय असं समजून आम्ल ओतू नका, तेही जास्त क्लोरीनचंच लक्षण. पिवळा रंग देणारं जुनं ओटीओ किट एकूण क्लोरीन दाखवतं, मोकळं नाही, ते सार्वजनिक टँकला नको.

नमुना काठावरचा, पाणी आत येतं त्या नोझलपाशी घेऊ नका. कोपरभर खोल, नोझलपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. तिथेच शिडीमागची भिंत तळहाताने चाचपा. हिरवं दिसायच्या दोन-तीन दिवस आधी ती बुळबुळीत लागते. आधी ब्रश, मग क्लोरीन. उलट केलं तर वरचा थर मरतो आणि खालचा वाढत राहतो.

काठावरचा

जीवरक्षकांबद्दल कुणीच लिहिलं नाही.

पाणकोंबडी

किती जण हवेत हे माणसांच्या संख्येवरून ठरवण्यापेक्षा नजरेवरून ठरवा. प्रत्येकाने आपला भाग १० सेकंदांत तळासकट बघून व्हायला हवा आणि त्यातल्या कुठल्याही बिंदूला २० सेकंदांत पोहोचता आलं पाहिजे. जमत नसेल तर भाग लहान करा, म्हणजे माणूस वाढवा. ३० मिनिटांच्या आत जागा बदल. ड्युटीवरच्या जीवरक्षकाने बिल्ले द्यायचे नाहीत, क्लोरीन तपासायचं नाही, पाइपही धरायचा नाही.

बुडणारा ओरडत नाही. अंग उभं, तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली, हात बाजूंना पाणी दाबत, पाय हलतच नाहीत. पृष्ठभागावर फार तर २० ते ६० सेकंद. लांबून ते मूल खेळतंय असंच वाटतं.

तळ्याच्या बाजूला सूर्य मावळत असेल तर संध्याकाळी खुर्चीवरून टँकचा अर्धा पृष्ठभाग आरसा होतो. दुपारी ठीक असलेली खुर्ची पाच वाजता आंधळी असते. वजन भरलेली बाहुली तळाशी टाका आणि तासातासाला प्रत्येक खुर्चीवरून बघा. जिथून दिसत नाही तिथली खुर्ची त्या वेळेला हलवायची.

ओतकाम

मेन ड्रेन एक असेल तर दोन करा, किमान ३ फूट अंतराने, एकाच पंपाला जोडलेले, म्हणजे एकावर कुणी बसलं तरी ओढ दुसरीकडे जाते. जाळी फुगीर, न तुटलेली, स्क्रू पुरे. एक स्क्रू जरी गायब दिसला तरी टँक बंद.

उथळपाणी

बॅकवॉशचं पाणी तळ्यात सोडायला हरकत नाही ना, शेवटी पाणीच ते.

शेवाळशत्रू

हरकत आहे. माशांना क्लोरीनचे अगदी थोडे अंशही मारक. वेगळ्या उघड्या टाकीत दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, डीपीडीत शून्य आलं (पातळ करूनही शून्य) की झाडांना द्या. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, १ ग्रॅम क्लोरीनला ७ ग्रॅम पुरून उरतात. ७ घनमीटर पाण्यात २ पीपीएम असेल तर १४ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ९८ ग्रॅम. ओंजळभर. गाळ बसलेला वेगळा काढा, तो तळ्यात नकोच.

नवशिका

शेवटचा प्रश्न. पाणी रोज कमी होतंय. गळती की ऊन?

घनमीटर

बादली. टँकच्या पायरीवर बादली ठेवा, आत टँकएवढ्याच पातळीपर्यंत पाणी भरा, दोन्हीकडे पेन्सिलीची खूण. पंप बंद ठेवून २४ तास. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ऊन आणि वारा. दिवसाला ५ मिलिमीटर म्हणजे दीड घनमीटर, तळ्यावरचा वारा असेल तर जास्तही. टँकचं जास्त उतरलं तर गळती. मग पंप चालू ठेवून तेच करा. चालू असताना जास्त उतरलं तर रिटर्नच्या (फिल्टरकडून टँककडे येणाऱ्या) पाइपात, दोन्ही वेळेला सारखंच तर टँकमध्ये किंवा त्या हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्हमध्ये.

ओतकाम

आणि गळतीचा टँक रात्रीत खाली जातो तेव्हा निरीक्षण नळीकडे बघायचं विसरू नका. नळीचं झाकण कुलुपाचं ठेवा, मुलं त्यात दगड टाकतात आणि टेप खाली जात नाही.